श्वास संपला की वाक्य?

पहिली-दुसरीत पूर्णविराम शिकवताना बहुतेक शिक्षक एकच सूत्र सांगतात: 'जिथे थांबायचं, तिथे टिंब द्यायचं.' ऐकायला सोपं, पण मुलं त्या आधारावर लिहायला बसली की घोटाळा होतो. कारण हे सूत्र मुळात लिहिणाऱ्यासाठी नव्हतंच. ते मोठ्याने वाचणाऱ्यासाठी होतं, आणि ते दोन हजार वर्षांहून जुनं आहे.

प्राचीन ग्रीक मजकूर शब्दांमध्ये जागा न सोडता सलग लिहिला जाई. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख ॲरिस्टोफेनीस (नाटककार नव्हे, बायझँटियमचा) याने इ.स.पू. २०० च्या आसपास ओळीत तीन वेगवेगळ्या उंचींवर टिंबं देण्याची पद्धत घातली. सगळ्यांत वरचं टिंब म्हणजे विधान पुरं झालं. पुढे पहिल्या शतकात रोममध्ये वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन याने लिहून ठेवलं की वाचताना श्वास कुठे घ्यायचा, अर्थ कुठे पुरा होतो, आवाज कुठे चढवायचा, हे मुलाला शिकवायला हवं. म्हणजे विराम ओळखणं हे वाचणाऱ्या पोराचं काम होतं. लेखकाने ते आयतं करून ठेवलेलं नसे.

प्रश्नचिन्हाचा उगमही आवाजातच आहे. आठव्या शतकात, पश्चिम युरोपातला राजा शार्लमेन याच्या काळातल्या हस्तलिखितांत ते दिसू लागतं: एक टिंब आणि त्यावर उजवीकडे चढत जाणारी नागमोडी रेघ. उद्गारचिन्ह बरंच नंतरचं, चौदाव्या शतकातल्या इटलीतलं. टंकलेखन यंत्राच्या जमान्यातही त्याला मान नव्हता. कित्येक यंत्रांवर त्याची वेगळी कळच नसे, टिंबावर वरचा स्वल्पविराम मारून काम भागवावं लागे.

छपाई आली आणि चिन्हं पानावर पक्की बसली, पण शाळेत श्वासाचंच राज्य राहिलं. लिंडली मरे यांच्या १७९५ च्या इंग्रजी व्याकरणाने पिढ्यान्‌पिढ्या मुलं घडवली. त्यात स्वल्पविरामाचा थांबा सगळ्यांत लहान, अर्धविरामाचा त्याच्या दुप्पट, अपूर्णविरामाचा आणखी दुप्पट आणि पूर्णविरामाचा त्याच्याही दुप्पट. हिशेब केला तर एक पूर्णविराम आठ स्वल्पविरामांएवढा भरतो. इतकं थांबून कुणी धडा वाचून दाखवला असेल, असं वाटत नाही.

मराठीत ही चिन्हं एकदमच आली. पोथ्यांत ओवी-अभंगाच्या शेवटी दंड (उभी रेघ) असे, पण गद्याला तसा आधार नव्हता. मोडीत तर आधी शिरोरेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. शब्दही सुटे नसत. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजी धर्तीची विरामचिन्हं मराठीत रुजवली आणि क्रमिक पुस्तकांतून ती मुलांपर्यंत पोचली. हिंदीने दंड राखला, मराठीने टिंब घेतलं. त्यातही एक अडचण राहिली. इंग्रजीत वाक्य संपल्याची साक्ष पुढचं मोठं अक्षर देतं. देवनागरीत तशी सोय नाही. सगळा भार त्या एका टिंबावर.

आता मुलाची वही बघा:

काल पाऊस आला मी.
भिजलो आई.
रागावली मग आम्ही.

टिंबं आहेत, पण ओळीच्या शेवटी. पुस्तकात ओळ संपते तिथे टिंब अनेकदा दिसतं, त्यावरून मुलाने स्वतःचा नियम बांधला आहे. याला निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष तेवढा चुकला. दुसरीकडे, श्वासाचा नियम मनापासून पाळणारं मूल 'आणि मग, आणि मग' करत पानभर धावतं आणि दम लागल्यावर एकच टिंब देतं.

१९८० मध्ये लेखन-शिक्षणाच्या अभ्यासक ल्यूसी कॉकिन्स यांनी अमेरिकेतल्या तिसरीच्या दोन वर्गांची तुलना प्रसिद्ध केली. एका वर्गात रोज विरामचिन्हांचे सराव आणि चाचण्या; दुसऱ्यात मुलं स्वतःचं लिहीत आणि गरज पडेल तसं चिन्ह शिकत. दुसऱ्या वर्गातली मुलं सरासरी आठाहून जास्त चिन्हं समजावून सांगू शकली, पहिल्यातली चारही नाही. दोनच वर्ग, त्यामुळे फार ताणू नये, पण दिशा पटते. इंग्लंडने २०१६ मध्ये उलट टोक गाठलं: सात वर्षांच्या मुलांच्या मूल्यमापनात उद्गारवाचक वाक्य 'व्हॉट' किंवा 'हाउ'ने सुरू झालं तरच ते धरायचं. 'पळ!' म्हणून ओरडणारं मूल त्यात बसत नव्हतं.

मराठीत शिकवताना श्वासापेक्षा क्रियापदाचा धागा जास्त उपयोगी पडतो. 'काय झालं?' असं विचारलं की 'आला', 'भिजलो', 'रागावली' ही उत्तरं येतात आणि बहुतेक वेळा टिंब त्यांच्याच मागे बसतं. 'तू येतोस' आणि 'तू येतोस?' यांत मात्र क्रियापद मदत करत नाही. तिथे वाचूनच दाखवावं लागतं.