आवक वाढली म्हणजे साठा वाढला का? मासळीच्या दोन आकड्यांचा घोळ

पेपरात "यंदा मासळीची आवक वाढली" अशी चार ओळींची बातमी आली की आपल्याकडे लोक लगेच धरून चालतात की चला, समुद्रात मासे वाढले, आता पापलेट स्वस्त होणार. आणि आवक घटली की "समुद्र रिकामा होऊन राहिला बे" सुरू. दोन्ही वेळा गडबड तीच होते, आवक (बंदरावर उतरलेला मासा) आणि साठा (समुद्रात असलेला मासा) हे दोन वेगळे आकडे आहेत, मोजणारे वेगळे, मोजायची पद्धत वेगळी, आणि कधीकधी तर एक वर जात असताना दुसरा खाली जात असतो. आपण नागपूरकर समुद्रापासून दूर, आपल्यापर्यंत मासा येतो तो थर्माकोलच्या पेटीत बर्फाखाली दाबून, त्यामुळे आपल्याला जे दिसतं ती आवकच, साठा कोणाला दिसतो? खरं सांगायचं तर कोळ्यालाही दिसत नाही, विशेषतः तळाशी राहणाऱ्या माशांचा. घोळ, डोमा, राणी, लेप ही सगळी तळाजवळची मंडळी.

कळमन्याचं उदाहरण घ्या. मार्केटमध्ये आज संत्र्याच्या किती गाड्या लागल्या ती आवक, आणि काटोल-नरखेडकडे बागेत झाडं किती उभी आहेत, त्यातली तरणी किती, वाळायला लागलेली किती, तो साठा. पैशाची अडचण आली म्हणून सगळ्यांनी एकदमच माल तोडून आणला तर आवक धो धो दिसेल आणि बागेचं मात्र काहीच भलं झालेलं नसेल. फरक एवढाच की झाडं मोजायला माणूस बागेत जाऊ शकतो.

आधी आवकच बघू, ती सोपी वाटते पण आहे भानगडीची. आपल्याकडे हे काम मुख्यतः कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था करते, सगळे सीएमएफआरआयच म्हणतात, १९४७ ला सुरू झालेली. ससून डॉक, वेरावळ, मिरकरवाडा अशा बंदरांवर यांची माणसं ठरलेल्या दिवशी जाऊन बसतात. येणारी प्रत्येक बोट मोजणं शक्यच नाही, म्हणून बंदरं निवडायची, दिवस निवडायचे, त्या दिवशी आलेल्यातल्या काही बोटी निवडायच्या, त्यांचा माल जातीजातीनं बघायचा आणि त्यावरून हिशोबानं पूर्ण किनाऱ्याचा आकडा काढायचा. सोबत हेही विचारतात की किती तास जाळं ओढलं, किती दिवस बाहेर होते, किती खोलीवर गेले होते. हे विचारणं फार महत्त्वाचं आहे, कारण एक टन मासा दहा तासात मिळाला की तीस तासात, ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नुसत्या टनांची बातमी छापतात त्यात हे तास कधीच नसतात, आणि माझी खरी चिडचिड तिथंच आहे. शिवाय जो मासा समुद्रातच परत फेकून दिला तो बंदरावर येतच नाही, म्हणजे तो मेला तरी आवकेच्या आकड्यात सापडत नाही.

आता साठा. त्यासाठी सर्व्हेची बोट लागते, आणि ही बोट मासेमारीच्या बोटीच्या अगदी उलट वागते. मुंबईला मुख्यालय असलेली भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही सरकारी संस्था आहे, तिच्या बोटी तळावरून ट्रॉल, म्हणजे बोटीमागं ओढायचं पिशवीसारखं जाळं, ओढतात. कोळी तिथं जातो जिथं मासा आहे, त्याचं पोट त्यावर आहे, बरोबरच आहे. सर्व्हेची बोट मात्र आधीच ठरवलेल्या ठिकाणी जाते, तिथं मासा असो की नसो. जाळं ठरलेलं, वेग ठरलेला, ओढायचा वेळ ठरलेला. जाळ्याचं तोंड किती रुंद उघडलं आणि बोट किती अंतर गेली यावरून तळाचं किती क्षेत्रफळ झाडून निघालं ते काढतात, मग दर चौरस किलोमीटरला किती किलो मासा ते येतं. आणि जाळं रिकामं आलं तर ते रिकामं जाळंही वहीत लिहितात, शून्य म्हणून. कोळ्यासाठी ते शून्य म्हणजे डिझेलचा चुराडा, सर्व्हेसाठी मात्र ती कामाची माहिती. दरवर्षी तेच जाळं, तेच पट्टे, म्हणून यंदाचा आकडा मागच्याशी लावून बघता येतो. आता जाळ्यासमोरचा सगळाच मासा काही आत येत नाही, काही वरून निसटतो, खडकाळ तळावर तर ट्रॉल ओढताच येत नाही, म्हणून यातून "समुद्रात इतके मासे आहेत" असा पक्का आकडा सरळ मिळत नाही, मिळते ती कमी-जास्तची दिशा.

तळाच्या माशात हा गोंधळ जास्त काऊन होतो, तर त्यातल्या काही जाती गोळा होतात. घोळ हे त्याचं ठळक उदाहरण. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघरकडच्या मुरबे गावच्या एका बोटीला एकाच फेरीत सुमारे १५७ घोळ मिळाले आणि जवळपास १ कोटी ३३ लाखाला विकले गेले, बातमी सगळीकडे फिरली, आपल्याकडेही व्हॉट्सॲपवर आली होती. एवढा भाव काऊन, तर त्याच्या पोटातल्या हवेच्या फुग्याला बाहेरदेशी मोठी मागणी आहे. पण त्या बातमीवरून घोळ भरपूर झाला असं म्हणणं म्हणजे कमालच. उलट हा मासा विरळ झाल्याची तक्रार किनाऱ्यावर जुनीच आहे. झुंडीनं राहणाऱ्या माशाचं असंच असतं, एकूण संख्या घटली तरी उरलेले एकत्रच येतात, ज्याचं जाळं त्या झुंडीवर पडलं त्याला भरभरून मिळतं, आणि ज्या दिवशी शेवटच्या झुंडी संपतात त्या दिवशीच आकडा एकदम कोसळतो. आकडा तोवर तुम्हाला "सब ठीक" सांगत असतो.

उलटी बाजूही बघा. सीएमएफआरआयच्या आकड्यांप्रमाणे देशाची सागरी मासळीची आवक २०१९ मध्ये सुमारे ३५.६ लाख टन होती ती २०२० मध्ये २७.३ लाखांवर आली. एका वर्षात आठ लाख टन मासा गेला कुठं? कुठंच नाही, लॉकडाऊन होता, बोटी बंदरावर बांधलेल्या होत्या, मासा समुद्रात आपला मजेत.

या दोन आकड्यांची गल्लत किती महाग पडते ते कॅनडानं दाखवलं. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळचा कॉड, हाही तळाजवळचाच मासा, शेकडो वर्षं पकडला जायचा. १९६८ मध्ये परदेशी ट्रॉलरांच्या जोरावर त्याची आवक आठ लाख टनांवर गेली, मग धडाधड खाली आली. १९७७ ला कॅनडानं २०० सागरी मैलांची हद्द लावली, परदेशी बोटींना आवर घातला, आता आपला मासा आपला असं वातावरण होतं. पुढं ऐंशीच्या दशकात मोठ्या ट्रॉलरांना तासाला मिळणारा मासा छान दिसत होता, कारण त्यांची यंत्रं सुधारत होती, आवाजाच्या लहरींनी मासा हुडकणारं सोनार यंत्र चांगलं, कप्तान हुशार, झुंड कुठं बसते ते पाठ. सरकारी सर्व्हेच्या बोटीचा आकडा मात्र तेवढा उत्साही नव्हता. मग काय केलं, तर दोन्हींच्या मधला धरला! आपल्याकडे लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची मांडवली होते तशी मांडवली समुद्राशी करून ठेवली. दरम्यान छोट्या होड्यांवाले किनाऱ्याचे कोळी ओरडत होते की मासा बारीक झाला, कमी झाला, पण त्यांचं ऐकायला कोणाला वेळ नव्हता. ८९ च्या सुमारास कळलं की साठा फारच जास्त धरला होता, आणि २ जुलै १९९२ ला मासेमारीच बंद केली. तीस हजारांहून जास्त लोकांचं काम एका झटक्यात गेलं. आता यात गंमत अशी की आवकेचा आकडा खोटा नव्हता, टन खरेच होते. फक्त त्यावरून साठा वाचायला निघाले होते.

टनांपेक्षा मला माशाची लांबी जास्त बोलकी वाटते, आणि ती बंदरावर आवक मोजतानाच मिळते. पेटीतले मासे मोजपट्टीवर ठेवून लांबी लिहून घेतात. मोठे मासे दिसेनासे झाले, पेटीत सगळी पोरंच यायला लागली, तर समजायचं की अंडी द्यायच्या आधीच उचलले जात आहेत, मग टन कितीही भरोत. डोमाच्या डोक्यात दोन पांढरे टणक खडे सापडतात, रस्सा खाताना दाताखाली आला असेल एखादा, ते त्याच्या कानातले दगड. थंड समुद्रातल्या माशाच्या अशा दगडावर वर्षावर्षाच्या रेघा दिसतात, त्यावरून वय कळतं. आपल्या उष्ण समुद्रात त्या रेघा तेवढ्या स्पष्ट पडत नाहीत म्हणून आपल्याकडे बराच हिशोब लांबीवरूनच करावा लागतो. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली ती ह्याच विचारातून. नागपूरच्या ओट्यावर कोण पट्टी घेऊन बसणार म्हणा, पण तळहातापेक्षा लहान पापलेट डझनावारी मांडलेली दिसली की मला तरी ते बरं वाटत नाही.

अजून एक फसवा हिशोब फिरतो. देशाच्या हद्दीतल्या समुद्रातून वर्षाला ५३.१ लाख टन मासा काढता येईल असा २०१८ चा सरकारी अंदाज आहे, आणि आवक पस्तीसच्या आसपास, म्हणजे अठरा लाख टन शिल्लक, चला अजून बोटी काढा! तसं नसतं. त्या ५३ मध्ये खोल समुद्रातला, आपण फारसा पकडत नाही असाही मासा आहे, किनाऱ्याजवळच्या तळाला जिथं आधीच जाळी फिरून राहिलीत तिथं काही ते अठरा लाख पडलेले नाहीत. साठा नेहमी जातीचा आणि भागाचा असतो, अख्ख्या समुद्राचा एक साठा नसतो. सीएमएफआरआयनं २०२२ साठी असे १३५ साठे वेगवेगळे तपासले, ९१.१ टक्के चांगल्या स्थितीत सांगितले. आकडा दिलासा देणारा आहे, पण तुमच्या ताटातला मासा त्या ९१ मधला की उरलेल्या ९ मधला हे वेगळं बघावं लागतं.

आणि साठ्याचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य असंही नाही बरं का. कॅनडाचा तो कॉड बत्तीस वर्षांनी, जून २०२४ मध्ये व्यापारी मासेमारीसाठी परत उघडला, १८,००० टनांची मर्यादा लावून. पण त्याआधी २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी जुनी, १९५४ पर्यंत मागे जाणारी माहिती हिशोबात घेतली, आणि धोक्याची रेघच, म्हणजे साठा ज्याच्या खाली गेला की धोक्यात धरतात ती पातळी, खाली आली. कालपर्यंत धोक्याच्या खाली असलेला साठा त्यामुळे कागदावर रेघेच्या वर गेला, समुद्रातला मासा तेवढाच. तिकडे अजून भांडण चालू आहे की उघडायची घाई झाली की नाही, आणि दोन्ही बाजू आपापल्या सोयीनं कधी आवकेचा आकडा काढतात, कधी साठ्याचा.