उन्हाळी राफ्टिंग सहलीला निघण्यापूर्वी

नमस्कार. तुमचे बुकिंग पक्के झाले आहे, त्यासोबत हे पत्रक पाठवत आहोत. एकाने वाचून बाकीच्यांना सांगितले, असे करू नका. राफ्टमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाने ते स्वतः वाचावे. गाडी चालवणाऱ्याने दोनदा वाचावे, कारण नदीवर जे बिनसते त्याची सुरुवात बऱ्याचदा रस्त्यावरच झालेली असते, असा आमचा अनुभव आहे.

आदल्या संध्याकाळी पोहोचा

पूर्वी आमचा कार्यक्रम सरळ होता: सकाळी पोहोचा, नाश्ता करा, दहा वाजता पाण्यात उतरा. ती आमची चूक होती. एका उन्हाळ्यात एक कुटुंब पहाटे येऊन पोहोचले. वडिलांनी रात्रभर एकट्यानेच गाडी चालवली होती. नदीचा तो टप्पा सोपा होता. एका वळणावर राफ्ट खडकाला घासली, गाइडने ‘गेट डाउन’ म्हणून आवाज दिला, सगळे खाली बसले. वडील मात्र वल्हे हातात धरून तसेच राफ्टच्या कडेवर बसून राहिले आणि पाण्यात गेले. दोन मिनिटांत त्यांना वर घेतले, गुडघा खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. वर आल्यावर ते म्हणाले, “आवाज ऐकू आला हो, पण काय करायचे तेच सुचेना.”

सलग 17 तास जागा असलेला माणूस थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकाच मंदावतो, हे चाचण्यांतून दिसून आले आहे. म्हणून आता पहिला मुक्काम आदल्या रात्रीचा असतो आणि तो पॅकेजमध्येच धरलेला आहे. एवढे करूनही कोणी थेट सकाळी, डोळे चुरचुरत आले, तर त्यांना आम्ही झोपायला सांगतो आणि पुढच्या तुकडीत घेतो. त्याचा राग मानू नका.

रस्त्यात दर दोन तासांनी थांबा आणि गाडीतून खाली उतरा. दुपारी दोन ते चार आणि मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत झोप अनावर होते. त्या वेळांत स्टिअरिंग दुसऱ्याकडे द्या किंवा गाडी बाजूला घ्या. काच खाली करून वारा घेतल्याने किंवा गाणी मोठ्याने लावल्याने झोप जात नाही, ती थोडी पुढे ढकलली जाते इतकेच. डोंगरातून उतरताना गिअर खालचा ठेवा. पाय सतत ब्रेकवर राहिला तर ब्रेक तापतात आणि नेमके वळणावर कमी पडतात. शेवटच्या टप्प्यात पंप नाहीत आणि मोबाइलला रेंजही नसते, त्यामुळे टाकी अर्धी झाली की भरून घ्या आणि नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

टायरची हवा गाडी थंड असताना तपासा. तासभर चालल्यावर टायर तापतो, आतला दाब वाढतो. तो आकडा पाहून हवा सोडली तर रात्री गार झाल्यावर टायर बसलेला दिसतो. हाच प्रकार तुम्हाला राफ्टमध्ये हाताने अनुभवता येईल. दुपारी काठावर ओढून ठेवलेल्या राफ्टच्या नळ्या उन्हाने ढोलासारख्या ताणल्या जातात, तेव्हा गाइड व्हॉल्व्ह दाबून थोडी हवा सोडतो. पहाटे त्याच नळीत अंगठा सहज रुततो आणि पुन्हा पंप मारावा लागतो. सकाळी मदतीला आलात तर पंप तुमच्याच हातात देऊ.

गाडीचे आणि किल्लीचे काय

आपण नदीत जिथे उतरतो तिथे तीन दिवसांनी परत येत नाही. बाहेर पडण्याची जागा बरीच खाली असते. तुमची गाडी आमचा चालक तिथे नेऊन ठेवतो. त्यासाठी एक किल्ली त्याच्याकडे द्यावी लागते. दुसरी तुमच्या कोरड्या पिशवीत, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीत, राहू द्या. बटणाची किल्ली असेल तर ती आधी झाकणाच्या घट्ट डबीत घाला, कारण एकदा भिजली की ती गाडी उघडेल याचा भरवसा नाही. गाडीत मौल्यवान वस्तू ठेवू नका. मात्र डिकीत एक पिशवी जरूर ठेवा: कोरडे कपडे, कोरडे बूट, टॉवेल आणि पिण्याचे पाणी. तिची गरज शेवटच्या दिवशी लागणार आहे.

पाणी कसे वागते

ही नदी बर्फाच्या पाण्याची आहे. उन्हाळ्यात वर बर्फ वितळतो आणि नदी रोज चढते-उतरते. दुपारी वितळलेले पाणी खाली यायला काही तास लागतात, म्हणून आपल्या मुक्कामाच्या जागी पाणी रात्री वाढते. संध्याकाळी काठ लांबरुंद, कोरडा आणि तंबूला अगदी योग्य वाटतो. गाइड पाण्याच्या कडेला एक काठी रोवून ठेवतो. झोपण्यापूर्वी टॉर्च घेऊन ती काठी पाहून या. मुलांना हे फार आवडते, आणि आम्हालाही. संध्याकाळी कोरड्या वाळूत रोवलेल्या काठीभोवती तेव्हा वीतभर पाणी खेळत असते. तंबू आणि राफ्ट कुठे बांधायची ते गाइड याच हिशेबाने ठरवतो. त्याने वरची, जरा खडबडीत जागा दाखवली तर तीच घ्या.

पाण्याचा ओघ क्युसेकमध्ये मोजतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. पण आकड्यापेक्षा वेग महत्त्वाचा. वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो. त्यामुळे गुडघाभर पाणी पाहून ‘इथे तर उभे राहता येईल’ असे जे वाटते, ते वाहत्या नदीत खरे नसते.

रॅपिड म्हणजे नदीचा खडकाळ, उसळत्या वेगवान पाण्याचा भाग. त्याची अवघडता 1 ते 6 अशा श्रेणींत सांगतात. 1 म्हणजे वाहते पाणी आणि बारीक लाटा. 3 मध्ये लाटा वेड्यावाकड्या असतात आणि राफ्ट नेमकी वळवावी लागते. 4 जोरदार, पण अंदाज बांधता येण्याजोगी. 6 मध्ये सहसा कोणी उतरतच नाही. पाणी 10 अंश सेल्सियसपेक्षा थंड असेल किंवा नदी वस्तीपासून लांब, रानातून कित्येक दिवस जाणारी असेल, तर प्रत्येक रॅपिड एक श्रेणी वरचा धरावा, असा संकेत आहे. आपल्या सहलीला दोन्ही गोष्टी लागू आहेत. म्हणून कोणी ‘तीनच तर आहे’ म्हणाले की आमचा गाइड त्यांना थांबवून हे समजावतो. इथे मदत यायला तास लागतात. सोबत सॅटेलाइट फोन असतो, पण त्या फोनमुळे हेलिकॉप्टर लगेच उतरत नाही.

मोठ्या रॅपिडच्या वर राफ्ट काठाला लावून गाइड चालत पुढे जातो आणि पाणी पाहून येतो. तुम्हीही सोबत चला. वरून पाहिले की पाण्यावर इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खुणा दिसतात. टोक खालच्या दिशेला असेल तर ती दोन खडकांमधली वाट. टोक वरच्या, आपल्याकडच्या दिशेला असेल तर त्या टोकाशी खडक लपलेला आहे. खडकाच्या मागे पाणी उलटे, खडकाकडे वळते. ती आपली विसाव्याची जागा. पाच मिनिटे हे पाहिलेत की खाली उतरताना गाइड एखाद्या वेळी अचानक मागे का वल्हवायला सांगतो ते आपोआप कळेल. या टप्प्यात चौथ्या श्रेणीचा एकच रॅपिड आहे. नको वाटले तर काठाने चालत जाऊन खाली आम्हाला भेटा. दर तुकडीत एक-दोघे तसे करतात, आणि पुढच्या प्रवासात त्यांच्या जागेला काही उणे येत नाही.

सामानाच्या मोठ्या राफ्टवर गाइड दोन लांब वल्ही घेऊन, तोंड खालच्या दिशेला करून बसलेला दिसेल. ही पद्धत जुनी आहे, पण पहिल्यापासूनची नव्हे. 1869 मध्ये अमेरिकन शोधप्रवासी जॉन वेस्ली पॉवेल यांची तुकडी लाकडी होड्यांतून कोलोरॅडो नदीने ग्रँड कॅन्यन पार करून गेली, तेव्हा वल्हवणारे पाठ पुढे करून बसत. समोरचा खडक त्यांना दिसतच नसे. नंतर 1890 च्या दशकात त्याच भागातल्या नद्यांवर होडी चालवणाऱ्या नॅथॅनिएल गॅलोवे यांनी तोंड फिरवून बसायला आणि खडकापासून मागे ओढत वेग कमी करायला सुरुवात केली. आमचे गाइड आजही तेच करतात.

अंगावर काय, हातात काय

सुती कपडे नकोत. जीन्स तर मुळीच नको. सुती कापड भिजले की अंगाची ऊब शोषून घेते आणि तासन्‌तास वाळत नाही. वरून ऊन कडक असले तरी खालचे पाणी काल-परवापर्यंत बर्फ होते, आणि पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने अंगातली उष्णता खेचते. सिंथेटिक किंवा लोकरीचे कपडे आणा. वेटसूट आम्ही देतो. पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा जुने बूट हवेत, कारण साधी चप्पल पहिल्या लाटेतच जाते. चष्म्याला दोरी लावा. अंगठ्या घरी ठेवा. दोरीत अडकलेली अंगठी बोट घेऊन जाते. सनस्क्रीन भरपूर लावा, पण मांडीच्या मागच्या बाजूला आणि तळहाताला नको, राफ्टच्या कडेवर घसरायला होते.

लाइफ जॅकेट घातल्यावर आम्ही खांद्याचे पट्टे धरून वर खेचून पाहतो. जॅकेट कानापर्यंत आले तर ते सैल आहे, पुन्हा आवळायचे. जरा श्वास अडल्यासारखे वाटेल इतके ते घट्ट हवे. पाण्यात असेपर्यंत आणि पाण्याच्या कडेने चालतानाही ते काढायचे नाही.

वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते. तिच्यावर एक हात कायम ठेवा. आमच्या इतक्या सहलींत लोकांना जी दुखापत सर्वांत जास्त वेळा झाली ती नदीने केलेली नाही. मोकळी सुटलेली ही मूठ शेजाऱ्याच्या दातांवर आपटून झालेली आहे.

पाण्यात पडलात तर

पडाल असे धरूनच चला. पहिला धक्का थंडीचा असतो: श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो आणि मग धाप लागते. हे साधारण एका मिनिटात ओसरते. त्या मिनिटात फक्त तोंड पाण्यावर ठेवायचे आणि श्वास आवरायचा. बाकी सगळे नंतर.

मग पाठीवर व्हा, पाय खालच्या दिशेला, पायाची बोटे पाण्याबाहेर दिसतील अशी. उभे राहायचा प्रयत्न करू नका. हे आम्ही काठावर तीनदा सांगतो आणि इथेही सांगतो, कारण पाय तळाच्या दोन दगडांत अडकला की मागून येणारे पाणी माणसाला पालथे दाबते, आणि गुडघाभर खोली त्याला पुरते. काठाजवळ बूड तळाला टेकेल तेव्हाच उठा.

दोरीची पिशवी तुमच्याकडे फेकली जाईल. पिशवी धरू नका, दोरी धरा. खांद्यावरून घ्या, छातीशी दोन्ही हातांनी आवळा आणि पाठीवरच राहा. हाताला गुंडाळू नका. राफ्टच्या खाली सापडलात तर तिच्या तळाला हात लावत एकाच दिशेने सरका. राफ्ट लहान आहे, दोन-तीन हातांत बाहेर याल. एकच गोष्ट पाठीवर राहून करायची नाही. प्रवाहात आडवे पडलेले झाड समोर आले आणि चुकवता येत नसेल, तर पालथे व्हा, डोके पुढे करून जोरात पोहत जा आणि खोडावर चढा. फांद्यांमधून पाणी आरपार जाते, माणूस जात नाही.

मुक्काम

जेवणाआधी हात धुणे सक्तीचे आहे, कारण एकाचे पोट बिघडले की रानात सगळ्या तुकडीचे हाल होतात. नदीचे पाणी कितीही नितळ दिसले तरी थेट पिऊ नका. आम्ही गाळून आणि उकळून देतो. साबण, ‘नैसर्गिक’ लिहिलेला असला तरी, नदीत वापरायचा नाही. भांडी आणि अंघोळ पाण्यापासून 60 मीटर आत. शौचासाठी झाकणाचा डबा असतो, आणि तो आपण आपल्यासोबत परत नेतो. पहिल्या दिवशी लोकांना याचा संकोच वाटतो. पण काठावरची ही मूठभर सपाट वाळू पुढच्या तुकडीलाही लागणार आहे.

कोरड्या पिशवीचे तोंड आधी हवा दाबून काढून किमान तीन वेळा दुमडा. दोनदा दुमडलेली पिशवी हमखास गळते, आणि तिच्यात बहुधा झोपण्याची पिशवीच असते.

आम्हाला खरे सांगा

सोबतच्या फॉर्ममध्ये हृदयविकार, फिट, दमा, मधुमेह, अलीकडची शस्त्रक्रिया, निखळलेला खांदा, गर्भारपण यांबद्दल विचारले आहे. गर्भवतींना आम्ही नेत नाही. बाकीच्या बऱ्याच गोष्टींवर तोड निघते, पण आधी माहीत असेल तरच. पोहता येत नाही हे सांगायला लाजू नका. तशा पाहुण्याची जागा गाइडच्या हाताशी ठेवतो. औषधांचे दोन संच करा आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. इनहेलर गाइडच्या खिशात असेल, इन्सुलिन उन्हापासून लांब. मद्यपान मुक्कामालाही चालणार नाही.

फॉर्म निघण्याच्या आठ दिवस आधी आमच्याकडे पोहोचू द्या, म्हणजे शंका असेल तर फोन करून बोलता येईल.

शेवटच्या दिवशी दुपारी आपण बाहेर पडतो. तुमची गाडी सावलीत लावलेली असेल, डिकीतली पिशवी तिथेच असेल. कपडे बदला, पोटभर पाणी प्या आणि त्या रात्री गाडी चालवू नका. बाहेर पडण्याच्या जागेजवळ आमचे तंबू लावलेले आहेत, त्या मुक्कामाचे वेगळे पैसे नाहीत. सकाळी उठल्यावर, टायर थंड असताना, हवा एकदा तपासा.