निसर्ग पर्यटनाचे पर्यावरणावर होणारे परिणाम (मुंबई आणि आसपास)

जंगल, डोंगर, खाडी, किनारा, धबधबा अशा ठिकाणी माणसं मजेसाठी जायला लागली की तिथली माती, पाणी, झाडं आणि प्राणी यांच्यावर जे काही होतं ते सगळं या विषयात येतं. ट्रेकिंग, कॅम्पिंग, पक्षीनिरीक्षण, काजवे बघणं, बोटीतून फ्लेमिंगो बघणं आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सकाळी चालायला जाणं हेही यातच. मुंबईकरांना हा विषय लांबचा नाही, कारण शहराला लागूनच १०० चौरस किलोमीटरहून मोठं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडली की उजाडायच्या आत माणूस सह्याद्रीत पोचतो. नुकसान म्हटलं की सगळ्यांना वेफर्सची पाकिटं आणि बिसलेरीच्या बाटल्या आठवतात. पण कचरा हा त्यातला सोपा भाग, तो उचलता तरी येतो. जे उचलता येत नाही ते बऱ्याचदा कचरा अजिबात न टाकणाऱ्या, निसर्गाची मनापासून आवड असलेल्या माणसांकडूनच होतं.

पायवाटा आणि माती

याचा अभ्यास जुना आहे. १९२८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेडवूडच्या झाडांखाली पर्यटकांच्या पायांनी मुळांजवळची माती कशी दाबली जाते यावर माइनेके यांनी अहवाल दिला होता, आणि १९३५ मध्ये बेट्स यांनी इंग्लंडमधल्या पायवाटांवर कुठला झाडझाडोरा टिकतो ते नोंदवलं. पुढे अमेरिकेत डेव्हिड कोल वगैरे मंडळींनी तुडवण्याचे प्रयोग केले आणि त्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, की नुकसान माणसांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. कोऱ्या जमिनीवरून पहिली थोडी माणसं गेली तरी बरंचसं गवत-झुडूप मरतं, नंतर हजार गेली तरी त्या मानाने कमीच भर पडते.

आता हे आपल्याकडच्या ‘अनएक्स्प्लोर्ड स्पॉट’च्या वेडाला लावून बघा. गर्दी नको म्हणून लोक रोजच्या वाटा सोडून नवीन धबधबा शोधतात, त्याची रील टाकतात, पुढच्या शनिवारी तिथे चार गाड्या, महिन्याभरात टपरी आणि पार्किंग. भंडारदऱ्याजवळच्या सांदण दरीचं असंच झालं. गर्दी पसरवली की भार कमी होतो असं वाटतं खरं, पण नाजूक जागी ते उलटं पडतं, आधीच तुडवलेल्या वाटेवर गर्दी ठेवणं पुष्कळदा परवडतं.

पावसाळ्यात हे डोळ्यांनी दिसतं. इथे चार महिन्यांत २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दाबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते वाटेवरूनच वाहतं आणि वाटेचा ओहोळ होतो. मग बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून माणूस बाजूच्या गवतातून चालतो, मागचा त्याच्याही बाजूने, आणि दोन फुटांची वाट दोन-तीन सीझनमध्ये दहा-बारा फूट रुंद लाल पट्टा होऊन जाते. कडेची कारवी आधाराला धरून मोडली जाते ते वेगळंच. कारवी साधारण आठ वर्षांतून एकदा फुलते आणि बी टाकून मरते, म्हणजे फुलायच्या आधी मोडली तर त्या झाडाचं बी पडतच नाही.

प्राणी आणि पक्षी

२०१६ मध्ये लार्सन आणि सहकाऱ्यांनी मनोरंजनाचा प्राण्यांवर काय परिणाम होतो यावरचे २७४ शोधनिबंध तपासले, त्यातल्या ९३ टक्क्यांत काही ना काही परिणाम सापडला आणि नोंदवलेल्या परिणामांपैकी निम्म्याहून जास्त वाईट होते. गंमत म्हणजे इंजिनवाल्या प्रकारांपेक्षा चालणं वगैरे ‘शांत’ प्रकारांतच वाईट परिणामांचे पुरावे जास्त मिळाले. म्हणजे मी तर काही करत नाही, नुसता चालतो, हा युक्तिवाद फार टिकत नाही.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला. हिवाळ्यापासून मेपर्यंत इथे लाखाच्या घरात फ्लेमिंगो असतात आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात शेवाळ वगैरे गाळून खात असतात. खायला मिळणारा वेळ भरती-ओहोटीच्या हिशोबाने ठरलेला, त्यात उडतानाचा फोटो हवा म्हणून बोट जवळ नेली किंवा ड्रोन सोडला की अख्खा थवा उठतो, तेवढा वेळही जातो आणि ताकदही. फोटो झकास येतो पण.

सीगलचं याच्या उलट, त्यांना आपण जवळ बोलावतो. गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर थंडीत उभं राहिलं तर हे दृश्य चुकत नाही: कोणीतरी शेव-गाठ्यांचं पाकीट फोडतो, मूठभर वर भिरकावतो, सीगल हवेतच झेलतात, पोरं ओरडतात, मग अख्खी लाँच पाकिटं शोधायला लागते. लांबचा प्रवास करून, काही तर हिमालयापलीकडून, इथे आलेले हे पक्षी, त्यांचं खाणं मासे, किडे असलं, आणि आपण त्यांना तळलेलं मीठ-मसाल्याचं बेसन घालतो. नॅशनल पार्कातल्या कान्हेरी लेण्यांच्या माकडांचं तेच. आधी केळं हातातून द्यायचं, मग त्याने पिशवी हिसकावली की माकडं फार माजली म्हणून बोंब मारायची. त्याच लेण्यांमध्ये वटवाघळंही असतात आणि आवाज घुमतो का बघायला मारलेल्या आरोळ्यांनी त्यांची झोपमोड होते.

काजवे

मुंबईहून मेअखेर ते जूनमध्य या काळात भंडारदरा, पुरुषवाडी भागात काजवे बघायला ज्या बसेस सुटतात तो या सगळ्यातला सगळ्यात नाजूक प्रकार. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला सिग्नल. नर उडत चमकतात, मादी बहुतेक खाली झुडपात किंवा जमिनीलगत बसून उत्तर देते. अळ्या मातीत, पाल्यापाचोळ्यात महिनोन् महिने राहून गोगलगायी वगैरे खातात, पंख फुटल्यावर मात्र उरतात जेमतेम दोन-तीन आठवडे. त्या आठवड्यांतच हेडलाइट, मोबाइलचा टॉर्च, स्टॉलचे एलईडी. हिरड्या-बेहड्याच्या झाडाखाली सेल्फीसाठी गोल करून उभ्या राहिलेल्या माणसांच्या पायाखाली नेमक्या माद्या असतात. झाड वर लखलखत असतं म्हणून काही बिघडलंय असं वाटतच नाही, कारण फटका बसतो पुढच्या वर्षीच्या काजव्यांना.

समुद्र, पाणी, धूर

हाजी अली, गिरगाव किंवा कार्टर रोडच्या खडकांवर ओहोटीला समुद्री जीव बघायला आता बऱ्यापैकी लोक जातात. ही चांगलीच गोष्ट आहे, मुंबईच्या समुद्रात प्रवाळ आहेत हेच कित्येकांना माहीत नव्हतं. फक्त दगड उलटवला तर हळूच होता तसा परत ठेवायचा, नाहीतर खालच्या ओलाव्यावर जगणारे स्पंज आणि खेकड्याची पिल्लं भरती यायच्या आत उन्हात वाळतात.

पवना धरणाच्या काठचं कॅम्पिंग हा वेगळा मामला. तंबू, स्पीकर, लायटिंगच्या माळा, बार्बेक्यूची राख आणि कशीबशी केलेली संडासची सोय, आणि त्याच धरणाचं पाणी पिंपरी-चिंचवडला प्यायला जातं.

कार्बनचा हिशोब तर लोक धरतच नाहीत. जगाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी साधारण ८ टक्के पर्यटनातून येतात असा अंदाज २०१८ मध्ये आला होता, आणि एक्स्प्रेस वेवर खंडाळ्याच्या घाटात शनिवारी सकाळी रेंगाळणाऱ्या गाड्या बघितल्या की त्यातला आपला वाटा कळतो.

उपाय आणि त्यांचे घोळ

१९६४ मध्ये वॅगर यांनी जंगलातल्या मनोरंजनासाठी धारणक्षमतेची, म्हणजे जागेला किती माणसं झेपतील याची मांडणी केली. पण असा एकच आकडा काढता येत नाही हे लवकरच लक्षात आलं, म्हणून १९८५ पासून ‘किती बदल चालवून घ्यायचा’ ते आधी ठरवायची पद्धत आली. थायलंडमध्ये ‘माया बे’ या समुद्रकिनाऱ्याला २०१८ मध्ये सरळ कुलूप लावलं आणि २०२२ मध्येच उघडलं. कासच्या पठारावर रोजच्या माणसांवर मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग आलं, कुंपणही घातलं, मग गुरांचं चरणं थांबून गवत माजलं आणि फुलं कमी झाली अशी ओरड झाली, म्हणजे माणसं अडवायला केलेल्या उपायाने जागाच बदलायला लागली.

त्या मानाने मंडणगड तालुक्यातलं वेळास बरं चाललंय. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे आधी कासवांची अंडी राखायचं काम उभं केलं, पर्यटन नंतर आलं. लोक गावातल्या घरांत राहतात, सकाळ-संध्याकाळ अंडी राखणारी माणसं त्यांच्यावरच्या टोपल्या उचलून बघतात, पिल्लं असतील तर पाहुण्यांनी दोरीच्या मागे उभं राहून बघायची, फ्लॅश नाही. पैसा गावात राहतो म्हणून अंडी चोरण्यापेक्षा राखणं परवडतं.

माथेरानला २००३ मध्ये इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणासाठी जपायचा नाजूक भाग, जाहीर झाला, गाड्या दस्तुरी नाक्यालाच थांबतात, त्यामुळे हवा स्वच्छ राहिली, पण सगळा भार घोड्यांवर आणि माणसांनी ओढायच्या हातरिक्षांवर आला. टापांनी जांभ्याची लाल माती सैल होते, पावसात वाहून जाते, लीद सुकून धुळीत मिसळते. २०२२ च्या अखेरीस ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली. त्याने हातरिक्षावाल्याच्या जिवाचे हाल कमी होतील हे खरं, पण घोड्यांवर पोट असलेल्यांनी काय करायचं, आणि वर जाणं सोपं झालं की गर्दी अजून वाढणार नाही का, यावरून गावातच दोन तट पडले.