हरित इमारत प्रमाणन व विकासकांना सवलती (कोल्हापूर)

हरित इमारत प्रमाणन : ऊर्जा, पाणी व बांधकाम साहित्याचा वापर आणि कचऱ्याची विल्हेवाट यांचे गुणांकन करून इमारतीला श्रेणी देण्याची पद्धत. भारतात भारतीय उद्योग महासंघाने २००१ मध्ये स्थापन केलेली इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल (आयजीबीसी), टेरी संस्था व केंद्रीय नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाची ‘गृह’ आणि मूळची अमेरिकी ‘लीड’ या पद्धती रूढ आहेत.

कोल्हापूर महापालिका हद्दीत विकासकाला मिळणारी सवलत राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतून येते. ‘गृह’चे तीन तारे किंवा अन्य दोन पद्धतींतील रौप्य श्रेणी यांसाठी मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात अनुज्ञेय बांधकाम) ३ टक्के, चार तारे वा सुवर्ण श्रेणीसाठी ५ टक्के, तर पाच तारे वा प्लॅटिनमसाठी ७ टक्के वाढ मिळते. मूळ निर्देशांक १.१ धरल्यास १,००० चौ. मी. भूखंडावर ही कमाल वाढ ७७ चौ. मी. होते, म्हणजे जवळजवळ एक सदनिका. शासकीय, निमशासकीय इमारतींना किमान तीन तारे किंवा रौप्य श्रेणी सक्तीची आहे.

वाढीव क्षेत्र पूर्वप्रमाणपत्रावर, म्हणजे इमारत कागदावर असतानाच मंजूर होते. भोगवट्याच्या, म्हणजे इमारत वापरण्याच्या परवानगीच्या वेळी कबूल केलेली श्रेणी साधली नसेल, तर तेवढ्या क्षेत्रासाठी रेडी रेकनरमधील (शासनाच्या वार्षिक दरपत्रकातील) जमीनदराच्या दुप्पट दंड आकारण्याची तरतूद आहे. या नियमाचा खरा कणा हीच तरतूद होय. भोगवटा प्रमाणपत्रापूर्वीची तपासणी नेटाने झाली नाही, तर सवलत पदरात पडते आणि हरितपणा नकाशातच राहतो.

कोल्हापुरात या गुणांकनातील सर्वांत अर्थपूर्ण भाग पाण्याचा आहे. वर्षाला सुमारे १,००० मिमी. पाऊस धरला, तर १०० चौ. मी. गच्चीवर एक लाख लिटर पाणी पडते. पहिल्या सरींचे गढूळ पाणी व्हॉल्व्हने बाजूला काढून उरलेले खडी-वाळूच्या गाळणीतून बोअरमध्ये सोडले, तर त्यातील बराच भाग उपयोगी पडतो. ५०० चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडांवर ही व्यवस्था श्रेणी असो वा नसो, बंधनकारकच आहे.

पूररेषेचे नियमही श्रेणीमुळे शिथिल होत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट असताना २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले होते. निळ्या रेषेच्या (२५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) आत नव्या निवासी इमारतीस परवानगी नाही. निळ्या व लाल (१०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) रेषांमध्ये प्लॅटिनम इमारतीचाही जोता लाल रेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मी. उंच ठेवावा लागतो.