नारळाचा सूर्य, मोहरीची पृथ्वी

तिसरीच्या वर्गात फळ्यावर 'ग्रह' एवढा शब्द लिहिला की पहिला हात वर होतो तो हे विचारायला: "बाई, शनी वाईट असतोय नव्हं?"

कोल्हापुरात प्राथमिकच्या मुलांना शिकवताना हा प्रश्न मला दरवर्षी भेटतो. मी तो टाळत नाही. घरात कुणाची तरी साडेसाती चालू असते, आजी शनिवारी मारुतीला तेल घालते, त्यातून मूल हे ऐकून आलेलं असतं. मी त्याला साडेसातीचंच गणित सांगते. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. ग्रह ज्या पट्ट्यातून फिरताना दिसतात त्याचे बारा भाग म्हणजे बारा राशी. मग एका राशीत शनी किती दिवस मुक्कामाला? अडीच वर्षं. तीन राशींची झाली साडेसात. दुर्बिणीचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी नुसत्या डोळ्यांनी, पिढ्यान् पिढ्या बघत राहून हे माणसांना कळलं होतं. त्याचं जुनं नाव शनैश्चर, म्हणजे सावकाश चालणारा. त्याची वाट लांबलचक आणि चालही संथ: पृथ्वी सेकंदाला सुमारे 30 किलोमीटर पळते, शनी 10 सुद्धा नाही. "तो वाईट नाही, लांब आहे," एवढं सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावरची भीती निघून जाते आणि पुढचं शिकवता येतं.

मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी ही पाच नावं मुलांना वारांमुळे आधीच पाठ असतात. अडचण येते ती नवग्रहांची. देवळातल्या नवग्रहांत सूर्य आहे, चंद्र आहे, राहू-केतू आहेत, पण पृथ्वी नाही. युरेनस आणि नेपच्यून डोळ्यांना दिसत नव्हते, म्हणून ते नाहीत हे पटतं. पृथ्वी का नाही? कारण ती आकाशात दिसत नाही, आपण तिच्यावर उभे आहोत. (प्लूटोचं पालकच जास्त विचारतात. 2006 मध्ये त्याला बटुग्रह म्हणायचं ठरलं आणि आता ग्रह आठ आहेत. मुलांना त्याचं काही दुःख नसतं.)

पृथ्वी हाही एक ग्रह आहे, ही या वयातली सगळ्यात अवघड गोष्ट. "पृथ्वी गोल आहे" हे वाक्य पहिलीचं मूलही म्हणतं, पण डोक्यात काय असतं ते वेगळंच. स्टेला वोस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी अमेरिकेत 60 मुलांशी बोलून 1992 मध्ये ते मांडलं. काही मुलांच्या मनातली पृथ्वी गोल होती, पण भाकरीसारखी चपटी. काहींना वाटायचं की गोळा आतून पोकळ आहे आणि आपण त्याच्या आत, सपाट तळावर राहतो. काहींच्या मते पृथ्व्याच दोन: एक आपल्या पायाखालची सपाट आणि दुसरी वर आकाशातली गोल, पुस्तकातली. पुढे 1996 मध्ये अला समरपुंगवन यांच्यासोबत त्यांनी हैदराबादच्या मुलांचा असाच अभ्यास केला, तेव्हा पाण्यावर तरंगणारी पृथ्वी अनेकांच्या बोलण्यात आली. ती मुलं मठ्ठ नव्हती. 'जमीन सपाट दिसते' हा स्वतःचा अनुभव आणि 'पृथ्वी गोल आहे' हे मोठ्यांचं म्हणणं, दोन्ही खरं ठरेल असा मार्ग त्यांनी स्वतःच शोधला होता. म्हणून मी आधी चित्र काढायला सांगते: पृथ्वी काढा, तिच्यावर तुम्ही कुठं ते दाखवा, आणि हातातला चेंडू सुटला तर कुणीकडे पडेल ते बाणाने दाखवा. पृथ्वीच्या खालच्या बाजूला काढलेल्या माणसाचा चेंडू वहीच्या तळाकडे जाताना दिसला की कुठून सुरुवात करायची ते मला कळतं.

आपल्या गावात पृथ्वीचं फिरणं दाखवायला एक हक्काची जागा आहे, अंबाबाईचं देऊळ. 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी या दिवसांत किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि पायांपासून वर चढत देवीच्या मुखापर्यंत पोचतात. मी विचारते, वर्षातून दोनदाच का, आणि याच तारखांना का? मग आम्ही कॅलेंडर घेऊन बोटांनी दिवस मोजतो. 10 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 41 दिवस. 21 डिसेंबर ते 1 फेब्रुवारी 42 दिवस. पृथ्वी साडेतेवीस अंश कललेली राहून सूर्याभोवती फिरते, म्हणून मावळतीची जागा रोज थोडी सरकते. 21-22 डिसेंबरला ती दक्षिणेच्या टोकाला पोचते आणि तिथून मागे फिरते. जाताना लागलेला थांबा एसटीला परत येताना पुन्हा लागतो, तसं. ज्यांच्या घराला गच्ची आहे त्यांनी एकाच जागी उभं राहून दर रविवारी मावळतीची खूण वहीत काढायची. तीन-चार रविवारांत सूर्य शेजारच्या पाण्याच्या टाकीवरून नारळाच्या झाडावर गेलेला असतो आणि मूल धावत सांगायला येतं.

मग येतो नारळ.

वर्गातल्या तक्त्यावर सगळे ग्रह एकमेकांना खेटून उभे असतात. कागदावर तेवढीच जागा असते, त्याला इलाज नाही. पण मुलांच्या मनात सूर्यमाला तशीच दाटीवाटीची बसते आणि थर्मोकोलच्या गोळ्यांनी ती आणखी पक्की होते. म्हणून मी पिशवीत स्वयंपाकघर घेऊन मुलांना रंकाळा तलावावर नेते. सोबत दोन-तीन पालक लागतात, ग्रहांपाशी थांबायला.

सोललेला नारळ, साधारण 14 सेंटिमीटरचा, हा सूर्य. या मापात सगळं खऱ्याच्या एक हजार कोटी पटीने लहान होतं. बुध म्हणजे रव्याचा कण. शुक्र आणि पृथ्वी बारीक मोहरीचे दोन दाणे, मंगळ खसखस. गुरूला गोटी, शनीला भिजवलेला छोला आणि त्याच्याभोवती कागदाची चकती. युरेनस, नेपच्यून दोन मिरे. बारके दाणे पोस्टकार्डावर चिकटपट्टीने लावायचे, नाहीतर वारा नेतो. पृथ्वीचं कार्ड हातोहात फिरतं तेव्हा नाकाशी धरून "कुठाय? कुठाय?" चालतं. मोहरीपासून दोन बोटांवर रव्याचा आणखी बारीक कण असतो, तो चंद्र. माणूस आजवर जास्तीत जास्त या दोन बोटांएवढाच लांब गेलाय.

नारळ कठड्यावर ठेवायचा आणि काठाने चालू लागायचं. तिसरीच्या मुलाचं एक पाऊल साधारण अर्धा मीटर, म्हणजे खरे 50 लाख किलोमीटर. 12 पावलांवर बुध, 22 वर शुक्र, 30 वर पृथ्वी. प्रत्येक ठिकाणी एक मूल कार्ड धरून थांबतं. पृथ्वीपाशी मी सगळ्यांना मागे वळून नारळ बघायला लावते. तिथून तो जेवढा दिसतो, तेवढाच आकाशात पौर्णिमेचा चंद्र दिसतो आणि सूर्यही. (सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे दर वेळी बजावावं लागतं.) नारळापासून मुंगी सेकंदाला तीन सेंटिमीटर चालीने निघाली, तर मोहरीपर्यंत यायला तिला आठ मिनिटं वीस सेकंद लागतील. खऱ्या प्रकाशालाही सूर्यापासून इथे यायला तेवढाच वेळ लागतो.

46 पावलांवर मंगळ. इथवर मुलांना वाटतं, झालंच आता. आणि मग चालणं संपत नाही. मोजणारे दमतात, मध्येच आकडा चुकतो, कुणीतरी भेळेच्या गाडीकडे बघतं. 156 पावलांवर गुरू, 287 वर शनी. युरेनस 574. नेपच्यूनचं मिरं ठेवायला जवळजवळ 900 पावलं, म्हणजे साडेचारशे मीटर. हे रिकामेपण मला शब्दांत कधी सांगता आलं नाही. मुलांच्या पायांना ते कळतं.

नेपच्यूनपाशी पोचेपर्यंत आमच्यात थोडीच मुलं उरलेली असतात, बाकीची मागे आपापल्या ग्रहावर. नारळ आता नुसता ठिपका, तोही डोळे बारीक करून. मागच्या वर्षी तिथे एका मुलीने विचारलं, "बाई, म्होरला तारा कुठनं सुरू होतोय?" सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, आमच्या मापात सुपारीएवढा. आणि ती सुपारी ठेवायला कोल्हापूरहून सरळ रेषेत श्रीनगरला जायचं आणि तेवढंच परत यायचं, सुमारे 4,000 किलोमीटर. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मधी कायच न्हाई?" मी म्हटलं, जवळजवळ काहीच नाही.

परतताना आम्ही ग्रह गोळा करत आलो. युरेनस कंटाळून पायरीवर बसला होता. शनीची चकती वाऱ्याने उडाली होती. मंगळावरचा मुलगा आम्हाला बघताच पळत आला. पृथ्वीवरचा मात्र दोन्ही हातांत पोस्टकार्ड धरून होता तिथेच उभा होता. मी म्हटलं, चल रे, संपलं.

"बाई, पृथ्वी टाकून कुठं येऊ?" तो म्हणाला. "ही घ्या आधी."