गॅलिलिओला जाळलं नव्हतं

‘पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं म्हटलं म्हणून गॅलिलिओला जिवंत जाळलं’ हे वाक्य आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. ते चूक आहे. १६०० साली रोममध्ये जाळलं गेलं ते इटालियन तत्त्वज्ञ जिओर्दानो ब्रूनोला, आणि त्याच्यावर ख्रिस्ती धर्मसिद्धान्त नाकारल्याचे गंभीर आरोप होते. गॅलिलिओवर १६३३ मध्ये खटला चालला. त्याला आपलं मत सोडल्याची शपथ घ्यावी लागली आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत तो नजरकैदेत राहिला. हा अन्याय होताच. तो पटवायला खोट्या आगीची गरज नाही.

याहून खोलवर रुजलेला गैरसमज असा, की पृथ्वी फिरते या मताला विरोध करणारे सगळे अडाणी होते. ट्युको ब्राहे हा दुर्बिणीपूर्वीचा अत्यंत काटेकोर निरीक्षक. त्यालाही पृथ्वीचं फिरणं पटलं नव्हतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल, तर सहा महिन्यांनी ताऱ्यांच्या जागा किंचित सरकलेल्या दिसायला हव्यात, आणि त्या दिसत नव्हत्या. तारे इतके प्रचंड दूर असतील, हे मानणंच त्या काळी अवघड होतं. ते सरकणं जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने मोजलं, तेव्हा १८३८ साल उजाडलं होतं!

मग चर्च एवढं का बिथरलं? माझ्या मते प्रश्न आकाशापेक्षा अधिकाराचा जास्त होता. पोपच्या सत्तेविरुद्धच्या प्रोटेस्टंट बंडानंतर बायबलचा अर्थ कोणी लावायचा, यावरून युरोप पेटला होता. अशा वेळी गॅलिलिओसारख्या एका गणितज्ञाने तो अर्थ लावायला घेतला होता.