अधिक-उण्याची पट्टी आणि दोनरंगी सोंगट्या : वापरायच्या कशा

बॉक्स उघडला की एक लांब पट्टी निघेल, −२० पासून +२० पर्यंत आकडे असलेली, आणि पिशवीत ३० सोंगट्या, प्रत्येक सोंगटी एका बाजूनं निळी आणि दुसऱ्या बाजूनं लाल. निळी म्हणजे +१, लाल म्हणजे −१. बाकी काही नाही. हे माहितीपत्रक मुलांसाठी नाहीये, त्यांच्याबरोबर बसणाऱ्या मोठ्या माणसासाठी आहे, कारण खरं सांगायचं तर "मायनस मायनस प्लस" हे आपण सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं आणि का ते विचारलं की गाडी अडते.

आधी पट्टी. ती शक्यतो आडवी न ठेवता भिंतीवर उभी लावा, मधोमध शून्य, वर अधिक आणि खाली उणे. पुस्तकात आडवी संख्यारेषा असते ते ठीक आहे, पण उभ्या पट्टीवर "मोठं म्हणजे वर, लहान म्हणजे खाली" हे डोळ्यांना आपोआप दिसतं. इथंच पहिला गोंधळ सुटतो. −८ आणि −३ मध्ये मोठी संख्या कोणती असं विचारलं तर पुष्कळ मुलं −८ म्हणतात, कारण आठ हा आकडा तिनापेक्षा मोठा. पट्टीवर बोट ठेवायला सांगा, −८ खाली आहे ना, मग ती लहान. तापमान −८ अंश असेल तर −३ पेक्षा जास्त थंडी, हे त्यांना पटतंच. आकडा सांगतो शून्यापासून किती लांब, आणि चिन्ह सांगतं कुठल्या बाजूला. नुसतं अंतर हवं असेल तर त्याला केवलमूल्य म्हणतात, −८ चं केवलमूल्य ८ आणि +८ चंही ८. शून्य स्वतः ना धन ना ऋण.

शून्य कुठं ठेवायचं हे आपणच ठरवतो हेही सांगा. समुद्रसपाटीला शून्य धरलं तर एव्हरेस्ट ८,८४९ मीटर म्हणजे साधारण +९ किलोमीटर, आणि मारियाना गर्तेचा तळ साधारण −११ किलोमीटर. सेल्सिअसनं १७४२ साली आपली मोजपट्टी मांडली तेव्हा पाणी उकळतं तिथं ० आणि गोठतं तिथं १०० असं उलटं होतं, नंतर ते फिरवलं गेलं. तीच मोजपट्टी राहिली असती तर हाडं गोठवणाऱ्या थंडीत अधिकचा आकडा आला असता आणि उणे फक्त उकळत्याच्याही वर.

आता सोंगट्या, आणि इथं घाई करू नका. एक निळी आणि एक लाल शेजारी ठेवली की दोघी मिळून शून्य. अशा जोडीला आम्ही शून्यजोडी म्हणतो. टेबलावर शून्यजोडी ठेवा किंवा उचला, हिशोब बदलत नाही. एवढी एक गोष्ट मुलाच्या हाताला कळली की पुढचं सगळं तिच्यावर चालतं.

बेरीज सोपी. ५ + (−३) म्हणजे पाच निळ्या, तीन लाल, जोड्या लावून बाजूला काढा, उरल्या दोन निळ्या, उत्तर २. (−५) + (−३) मध्ये जोडी लागतच नाही, सगळ्या लाल, उत्तर −८.

खरी गंमत वजाबाकीत. २ − (−३) घ्या. वाचताना "दोन वजा उणे तीन" असं वाचा. टेबलावर दोन निळ्या ठेवा. आता मुलाला सांगा, यातून तीन लाल उचल. ते म्हणेल लाल नाहीतच. बरोबर, नाहीत. इथं थांबा, उत्तर सांगू नका, थोडा वेळ त्याला त्या टेबलाकडे बघत बसू द्या. बहुतेक मुलांना सुचतं की शून्यजोड्या ठेवल्या तर चालेल. तीन शून्यजोड्या ठेवायच्या, आता टेबलावर पाच निळ्या आणि तीन लाल, किंमत मात्र अजून दोनच. आता तीन लाल उचला. पाच निळ्या उरल्या. म्हणजे उणे काढून घेतलं की अधिक वाढलं, आणि हे कुठल्या नियमानं नाही तर समोर टेबलावर घडलं. मग त्यालाच एव्हरेस्ट आणि मारियानाचं अंतर विचारा, ९ − (−११), २० किलोमीटर, पट्टीवर मोजूनही तेच येतं.

आमच्याकडं सगळ्यात जास्त विचारणा येते ती या चुकीची: मूल −३ − ४ चं उत्तर +७ लिहितं. का, तर "दोन मायनस आले की प्लस". हा नियम गुणाकाराचा, तो बेरीज-वजाबाकीत घुसवला की असं होतं. म्हणून आमचं स्पष्ट मत, सुरुवातीला ही घोषणा शिकवूच नका. टेबलावर तीन लाल ठेवा, त्यातून चार निळ्या उचलायच्या आहेत, निळ्या नाहीत, चार शून्यजोड्या आणा, चार निळ्या उचला, राहिल्या सात लाल. −७. किंवा पट्टीवर −३ वर बोट ठेवून आणखी चार घरं खाली या. दोन्हीकडून एकच उत्तर आलं की मूल स्वतःच चूक खोडतं.

गुणाकारासाठी सोंगटी पलटायची. ३ × (−२) म्हणजे दोन लाल सोंगट्यांचे तीन गट, सहा लाल, −६. पहिली संख्या उणे असेल तर गट मांडून झाल्यावर सगळ्या सोंगट्या उलट्या करायच्या, कारण उणे म्हणजे विरुद्ध बाजू. (−३) × (−२) मध्ये दोन लाल सोंगट्यांचे तीन गट मांडले, मग सगळ्या पलटल्या, सहा निळ्या झाल्या. ज्यांना "पण पलटायच्याच का" असा प्रश्न पडतो (पडायलाच हवा) त्यांच्यासाठी कागदावर ही ओळ लिहा: ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. उत्तर दर वेळी दोननं वाढतंय. मग पुढची पायरी (−१) × (−२), तिथं ते वाढून २ च व्हायला पाहिजे, नाहीतर तो क्रम मध्येच मोडेल. भागाकाराला वेगळं काही शिकवायला लागत नाही, चिन्हाचा नियम तोच, फक्त शून्यानं भागायचं नाही.

हे सगळं आपल्याला आज साधं वाटतं, पण ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्याच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम लिहून ठेवले होते आणि युरोपात १८व्या शतकातसुद्धा काही गणिती शून्यापेक्षा लहान संख्या मानायला तयार नव्हते. तेव्हा तुमचं मूल अडलं तर वैतागू नका. रंगाबद्दलही एक सांगायचंय, प्राचीन चीनमध्ये हिशोबाच्या लाल काड्या धन आणि काळ्या ऋण असायच्या, आपण उलट, लाल म्हणजे तोटा असं धरतो. रंग कुठलाही चालतो, एकदा ठरवला की मध्येच बदलायचा नाही.

मोठ्या मुलांसाठी दोन खड्डे. एक कंसाचा. (−३)² म्हणजे ९, पण −३² म्हणजे −९, कारण वर्ग आधी आणि उणे नंतर. आणि एक्सेलमध्ये =−३^२ टाइप केलंत तर ९ येतं, कारण तिथं उणे आधी धरलं जातं. वहीतलं आणि कॉम्प्युटरवरचं उत्तर जुळेना झालं की आधी कंस टाकून बघा. दुसरा खड्डा सालांचा. इ.स.पू. ५ ते इ.स. ५ किती वर्षं, तर ५ − (−५) करून १० येतील, पण खरं उत्तर ९, कारण या कालगणनेत शून्य सालच नाही, इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं. पट्टीवर शून्याचं घर आहे, तिथं नाही. गणित चुकलेलं नसतं, मोजपट्टी वेगळी असते.

सोंगट्यांची मर्यादाही सांगून ठेवतो. आकडे साधारण दहाच्या आत असतील तोवर त्या बऱ्या, ४७ − (−३८) साठी कुणी सोंगट्या मांडत बसू नये, तोवर मुलाला हात न लावता जमलं पाहिजे. नाही जमलं तर परत लहान आकड्यांवर या, रोज पाच-दहा मिनिटं पुरतात, सलग तासभर बसवलंत तर सोंगट्या कॅरमसारख्या उडायला लागतील.

रंग ओळखायला अडचण असेल तर प्रत्येक बाजूवर + आणि − छापलेलं आहेच, बोटानं चाचपून कळेल इतकं उठावदार. एखादी सोंगटी हरवली तर पुठ्ठ्याचा गोल कापून दोन्हीकडं रंगवा, चालतंय. पट्टी भिंतीवरून निघाली तर मागचा चिकटपट्टीचा कागद बदला, आणि परत लावताना शून्य मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला येतंय ना तेवढं बघा.